इंग्लंडमधील मंदिर समलिंगी विवाह लावण्यास कायद्याने नकार देऊ शकते का?

प्रश्न (सोलापूरहून, एक आई)

नमस्कार. माझा मुलगा आठ वर्षांपासून मँचेस्टरमध्ये नोकरीला आहे आणि पुढच्या वर्षी तेथेच त्याचे लग्न ठरले आहे. त्याचा जोडीदारही पुरुष आहे. हे स्वीकारायला आम्हाला वेळ लागला. आता मात्र आम्ही दोघेही लग्नाला जाणार आहोत. मंगलाष्टके आणि सप्तपदी व्हावी ही माझी मनापासून इच्छा असल्याने मुलाने तेथील एका मंदिरात चौकशी केली, तेव्हा विश्वस्तांनी नम्रपणे, पण स्पष्ट नकार दिला. ज्या देशात असा विवाह कायदेशीर आहे, तेथे मंदिराला असे म्हणता येते का? आणि उद्या नोंदणी अधिकाऱ्याने किंवा सभागृहाच्या मालकाने धर्माचे कारण पुढे केले तर आम्ही काय करायचे?

प्रतिसाद १ (लंडन, कायद्याच्या क्षेत्रात काम)

ताई, आपले दुःख समजते, पण मंदिराचा नकार कायद्यात बसतो. इंग्लंड आणि वेल्ससाठी २०१३ साली जो कायदा झाला आणि ज्याखाली २९ मार्च २०१४ पासून समलिंगी विवाह लागू लागले, त्यात धार्मिक विधीने असा विवाह लावायचा की नाही हे प्रत्येक धर्मसंस्थेवर सोपवलेले आहे. संस्थेने स्वतःहून होकार दिला नाही, तर नकारच धरला जातो. आणि तिने होकार दिला तरी तिच्या एखाद्या धर्मगुरूवर सक्ती करता येत नाही. क्वेकर, युनिटेरियन आणि उदारमतवादी ज्यू पंथ सुरुवातीलाच पुढे आले, मेथडिस्ट चर्चने २०२१ मध्ये होकार दिला.

चर्च ऑफ इंग्लंडची स्थिती वेगळी आहे. ते राजमान्य चर्च असल्याने आपल्या परिसरातील रहिवाशांचे लग्न लावणे हे तेथील धर्मगुरूंचे जुने कायदेशीर कर्तव्य आहे, आणि हे कर्तव्य समलिंगी जोडप्यांना लागू होणार नाही असे २०१३ च्या कायद्यात मुद्दाम लिहावे लागले. परिणामी ज्या धर्मगुरूला असे लग्न मनापासून लावायचे आहे, त्यालाही ते लावता येत नाही. सूट म्हणून दिलेली गोष्ट त्याच्यासाठी बंदी ठरते, आणि या कायद्यात मला सर्वांत जास्त खटकते ते हेच.

आपल्या हिंदू धर्मात सर्वांच्या वतीने बोलणारे धर्मपीठ नाही. त्यामुळे त्या मंदिराचे सभासद ज्यांना अधिकारी मानतात, त्यांची संमती कायदा विचारतो, म्हणजे व्यवहारात विश्वस्तांचीच. आज नकार देणाऱ्या मंदिराची पुढची कार्यकारिणी होकार देऊ शकते.

नोंदणी अधिकाऱ्याला मात्र ही सूट नाही. लंडनच्या इस्लिंग्टन भागातील नोंदणी अधिकारी लिलियन लडेल यांनी ख्रिस्ती श्रद्धेच्या आधारे समलिंगी जोडप्यांच्या नागरी भागीदारीची (विवाहाला मान्यता मिळण्यापूर्वीच्या कायदेशीर नात्याची) नोंदणी करणे नाकारले होते. त्यांचा दावा स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयानेही जानेवारी २०१३ मध्ये फेटाळला. व्यावसायिक सभागृहाचेही तेच. कॉर्नवॉलमध्ये राहण्या-जेवणाची सोय करणाऱ्या एका ख्रिस्ती दांपत्याने एका समलिंगी जोडप्याला दोघांची खोली नाकारली होती. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि २०१३ च्या नोव्हेंबरमध्ये दांपत्य हरले. सभागृह मंदिराच्या मालकीचे असेल, तर मात्र धार्मिक संस्था म्हणून त्यांना बऱ्याच अंशी मुभा आहे.

प्रतिसाद २ (नागपूर, निवृत्त शासकीय अधिकारी)

लडेल यांच्याबद्दल मला थोडे वेगळे वाटते. त्या २००२ मध्ये त्या पदावर आल्या तेव्हा समलिंगी जोडप्यांची नोंदणी हे त्यांचे कामच नव्हते. ते २००५ च्या डिसेंबरपासून आले. सुरुवातीला त्या सहकाऱ्यांशी पाळ्या बदलून निभावून नेत होत्या. तीस वर्षे कार्यालयात काढल्यावर मी सांगू शकतो की अशा अडचणी टेबलावर बसून सोडवता येतात आणि जोडप्याला त्याचा पत्ताही लागत नाही. ज्यांच्या नेमणुकीनंतर काम बदलले, एवढ्यांनाच तरी सवलत द्यायला हवी होती.

प्रतिसाद १ (पुन्हा)

आपला मुद्दा प्रामाणिक आहे, पण पाळ्या बदलायला दुसरा माणूस कार्यालयात असावा लागतो. दक्षिण आफ्रिकेने २००६ च्या कायद्यात सरकारी विवाह अधिकाऱ्यांना नेमकी हीच सवलत दिली होती. काही कार्यालयांत असा विवाह लावणारा कोणीच उरला नाही आणि जोडप्यांना दुसरीकडे जावे लागले. शेवटी २०२० मध्ये ते कलम रद्द झाले. पुरोहिताने नकार दिला तर दुसरा पुरोहित शोधता येतो. सरकारी खिडकीला पर्याय नसतो. डेन्मार्कने २०१२ मध्ये राजमान्य चर्चपुरता मधला मार्ग काढला. तेथे एखादा धर्मगुरू नकार देऊ शकतो, पण मग दुसऱ्याची व्यवस्था करण्याची जबाबदारी बिशपवर येते.

प्रतिसाद ३ (लंडनजवळचे स्लाव, पौरोहित्य करणारा)

ताई, मंदिराशी भांडण्यात शक्ती घालवू नका. येथील बहुतेक हिंदू लग्नांत कायदेशीर नोंदणी वेगळी आणि धार्मिक विधी वेगळा होतो. विवाह कायदेशीर ठरतो तो नोंदणीने, म्हणून विधीसाठी मंदिराची संमती लागत नाही. सभागृहात किंवा घरी, तयार असलेल्या कोणत्याही पुरोहिताकडून तो करता येतो. मी स्वतः असे दोन विधी केले आहेत. वधूपक्ष आणि वरपक्ष हे शब्द संकल्पातून वगळून दोघांची नावे व गोत्रे घेतली. बाकी होम, लाजा, सप्तपदी सारे नेहमीसारखेच.

एक गोष्ट मात्र सांभाळा. नोंदणीच्या समारंभात धार्मिक विधी करण्यास कायद्याने मनाई आहे, मग जोडपे कोणतेही असो. मंगलाष्टकांची सुरुवातच गणेशस्तवनाने होत असल्याने अधिकारी ती तेथे म्हणू देणार नाहीत. त्यांचे काम पूर्ण होऊ द्या, ते निघाले की अंतरपाट धरा. दोघांनी स्वतः हजर राहून नोटीस द्यायची असते आणि त्यानंतर किमान २८ दिवस थांबावे लागते. परदेशी नागरिकांसाठी हा काळ वाढू शकतो, म्हणून मुहूर्त नोटिशीनंतरच पक्का करा.

प्रश्नकर्ती

आपणा सर्वांची मी आभारी आहे. भारतात सर्वोच्च न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२३ रोजी अशा विवाहाला मान्यता देण्यास नकार दिला, त्यामुळे इकडे त्याची नोंद होणार नाही हे मुलाने आम्हाला आधीच सांगितले होते. नोटिशीचे आजच त्याला कळवते. माझ्या लग्नातला अंतरपाट कपाटात आहे, कुंकवाचे स्वस्तिक थोडे फिकट झाले आहे. गुरुजी, ते पुन्हा काढून चालेल, की नवीन वस्त्र घ्यावे?