मुलगा ‘सेट’ झाला म्हणजे नक्की काय झालं?

गोदाकाठकर : कोणीतरी ठोकून दिलंय, “सेट हा शब्द मराठीतून हद्दपार करा, आळशांची भाषा आहे ती.” डोकं फिरलं, म्हणून धागा काढतोय. अहो, हा शब्द इंग्रजांनाही आवरलेला नाही. ऑक्सफर्डच्या १९८९च्या कोशात सगळ्यात लांब नोंद ह्याचीच, नुसत्या क्रियापदाचे ४३० अर्थ. आपण उचलले किती? कपबशांचा सेट, दाढी सेट, मुलगा सेट. ‘सेटिंग लावली’ हे मात्र अस्सल स्वदेशी उत्पादन.

मास्तरीणबाई : ते मीच लिहिलं होतं. पुढे ‘रन’ने त्याला मागे टाकलं, हे का गाळलंत? संच आहे, जम बसणं आहे, घडी बसणं आहे. पोरं निबंधात लिहितात, ‘सहलीचा प्लॅन सेट झाला’. ‘ठरली’ म्हणायला जीभ झिजते?

पिंपळगावचा बागायतदार : बाई, द्राक्षाला फुलोऱ्यानंतर मणी धरतात त्याला आमच्याकडे सेटिंगच म्हणतात. फुलोऱ्यात पाऊस आला की मणीगळ, घडकूज, वरून डावणी रोग. ट्रॅक्टरवर फवारा मारताना ‘फलधारणा’ म्हणत बसू?

मास्तरीणबाई : ‘मणी धरतात’ हे तुम्हीच लिहिलंत. वर बघा.

पिंपळगावचा बागायतदार : धरले तर धरले. पुढे व्यापारी माल नेतो, चेक देतो, तो वटत नाही, फोन बंद. ह्याला काढा शुद्ध शब्द! आणि पाच एकर बाग असून पोराला मुलगी मिळेना. का, तर ‘मुलगा सेट नाही’. पाहुणे पुण्यात कॉट बेसिसवर राहणारा पसंत करून गेले.

सिडकोकर : दादा, मुलींची बाजूही ऐका. माझी बहीण बागेत दिली. थिनिंगला, म्हणजे घडातले मणी विरळ करायला, मजूर मिळेना की तीच कात्री घेऊन दिवसभर मान वर करून घडाखाली उभी. सातबाऱ्यावर नाव नाही. ती कशाला पोटची पोर बागेत देईल?

पिंपळगावचा बागायतदार : सगळ्यांना एका मापात मोजू नका! माझ्या बायकोचं नाव आहे सातबाऱ्यावर, या बघायला.

सिडकोकर : असेल. सत्कार ठेवू तुमचा.

गोदाकाठकर : अहो, धागा कशावर होता! बाई, भूक लागते, आग लागते, नोकरी लागते, बोअरला पाणी लागतं. तिथे नाही दिसत आळस?

मास्तरीणबाई : ‘लागणे’ घरचं आहे. बरं, ‘सेटिंग लावली’ ठेवा. ‘संधान बांधलं’ त्या लोकांना फारच सभ्य होतं. निबंधात मात्र गुण कापणारच.

पिंपळगावचा बागायतदार : खुशाल कापा. पण बाई, ओळखीत एखादं स्थळ असलं तर सांगा. पोरगा बीएस्सी ॲग्री आहे, निर्व्यसनी.