मदत हवी आहे: आईचं कॅल्शियम नॉर्मल, मग पीटीएच का वाढलंय?

खिडकीतली_चिमणी: आईचा रिपोर्ट आलाय. कॅल्शियम ९.१, पीटीएच (पॅराथायरॉईड ग्रंथीचं हार्मोन) ९८ आणि त्यापुढे ठळक 'हाय'. डॉक्टर गावाला गेलेत, सोमवारशिवाय भेटत नाहीत, आणि आईने नेटवर वाचून गळ्यात गाठ आहे असं धरूनच ठेवलंय. कॅल्शियम नॉर्मल असताना हे हार्मोन वाढतंच कशाला? प्लीज लवकर सांगा.

आंबेवाला: नाचणीची आंबील सुरू करा. आमची आजी शेवटपर्यंत ताठ चालायची.

रात्रपाळी: वय? डी व्हिटॅमिन? क्रिएटिनिन (किडनीची तपासणी)? गोळ्या कुठल्या चालू? यातलं काहीच नाही लिहिलंत.

पंत_सदाशिव: थायरॉईड वाढलं की कोबी-फ्लॉवर बंद करायचा असतो.

खिडकीतली_चिमणी: पंत, थायरॉईड नाही हो, पॅराथायरॉईड, तिच्या मागच्या छोट्या ग्रंथी! वय ६८, क्रिएटिनिन ०.९. डी १२ आहे, पण ते काय हल्ली सगळ्यांचंच कमी असतं.

रात्रपाळी: अहो ताई, उत्तर तिथेच आहे की! वय वाढलं की कातडी उन्हातून डी कमी बनवते, किडनी ते कामाच्या रूपात कमी बदलते, मग आतडं जेवणातलं कॅल्शियम नीट ओढत नाही. रक्तातलं कॅल्शियम पडायला लागलं की पीटीएच वाढतं आणि हाडांतून काढून रक्तात भरतं. म्हणून तुमचा ९.१ छान दिसतोय, बिल हाडं भरतायत. त्यात पाळी गेल्यावर इस्ट्रोजेनचा आधारही जातो. पॅराथायरॉईडच्या गाठीत बहुतेक वेळा कॅल्शियमही वर गेलेलं असतं. अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन) बघा, ते कमी असेल तर ९.१ चा अर्थ बदलतो.

आंबेवाला: म्हणजे कॅल्शियमच द्यायचं ना, मी काय वेगळं बोललो?

रात्रपाळी: डी नसेल तर नाचणीतलं कॅल्शियम शोषायचं कसं?

सूर्योपासक: गोळ्यांनी मुतखडा होतो. सकाळी सहाला कोवळ्या उन्हात बसवा.

रात्रपाळी: कोवळ्या उन्हात डी जवळपास बनतच नाही, दुपारचं ऊन लागतं, आणि काचेआडून तर नाहीच. खड्याचं म्हणाल तर जेवणासोबत घेतलेलं कॅल्शियम खडा बनवणाऱ्या ऑक्झलेटला आतड्यातच धरतं.

सूर्योपासक: आमच्या पिढ्या काय मूर्ख होत्या का?

खिडकीतली_चिमणी: भांडू नका ना! कॅल्शियमची गोळी आधीपासून चालूच आहे. सकाळी चहासोबत थायरॉईडची, बीपीची आणि ती, तिन्ही एकदम घेते.

रात्रपाळी: आत्ता सांगताय! थायरॉईडची गोळी उपाशीपोटी पाण्यासोबत, कॅल्शियम तिच्यानंतर किमान चार तासांनी जेवताना, नाहीतर थायरॉईडची नीट लागू पडत नाही. बीपीच्या गोळीत क्लोरथॅलिडोन वगैरे (लघवी वाढवणारं औषध) आहे का बघा, त्यानेही रक्तातलं कॅल्शियम चढतं. डी ची साठ हजार युनिटवाली पावडर मनाने आणू नका. डॉक्टर डी भरून काढतील आणि मग पीटीएच परत तपासतील. डेक्सा (हाडांच्या घनतेची तपासणी) झालीय का?

जुनी_वही: अवांतर: ही पॅराथायरॉईड ग्रंथी पहिल्यांदा लंडनच्या प्राणीसंग्रहालयातल्या मेलेल्या भारतीय गेंड्यात सापडली होती, रिचर्ड ओवेन यांना. माणसात सापडली १८८० मध्ये.

खिडकीतली_चिमणी: गेंडा राहू दे हो. डेक्सा नाही केलेली. पट्टीवर फक्त ब्रँडचं नाव दिसतंय, बाकी बारीक छापलंय, फोटो काढून मोठं करून बघते.

पंत_सदाशिव: आमच्या हिची टाच दुखते, तेही पीटीएचमुळेच असेल का?