यशिका १२४जी विकून रोलाईकॉर्ड घ्यावा का? लेन्स कुणाची सरस?

महालची_मुलगी

नमस्कार मंडळी. आबांचा यशिका मॅट १२४जी, वर-खाली दोन लेन्सचा जुना जपानी फिल्म कॅमेरा, गेल्या दिवाळीत माळ्यावरून काढला. आबा गेल्यापासून तो तसाच पडून होता. आतला आरसा धुळीनं भरला होता, तो एकाकडून पुसून घेतला आणि चार रोल टाकले. सगळे कृष्णधवल, ४०० स्पीडच्या फिल्मचे. निकाल असा:

नागपूरच्या कस्तुरचंद पार्कची छत्री, ट्रायपॉडवर, एफ ११, म्हणजे लेन्सचं भोक बारीक करून. कोपऱ्यापर्यंत सगळं स्पष्ट, पण काळा रंग काळा वाटतच नाही, राखेसारखा दिसतो. फुटाळा तलावावर संध्याकाळी सूर्य समोर होता, तर अख्खी फ्रेम दूध सांडल्यासारखी पांढरी. आणि आजी. ओसरीवर, माझ्यापासून साधारण दोन मीटरवर, एफ ३.५, म्हणजे भोक पूर्ण उघडं. तिचे डोळे मऊ आले आहेत, मागच्या दाराची कडी मात्र लख्ख. सहा फ्रेम काढल्या, सहाही अशाच.

आता एक जण रोलाईकॉर्ड व्हीबी विकतोय, तोही तसाच दोन लेन्सचा कॅमेरा. म्हणतो जर्मन लेन्स आहे, जपानीची बरोबरी होत नाही. माझा यशिका ठेवून घेईल आणि वर १५ हजार मागतोय. आबांचा कॅमेरा द्यायचा म्हटलं की पोटात गोळा येतो, पण फोटो चांगले हवेत. काय करू?

चौकोनी_चौकट

दोन्ही सोडा, ताई. थोडे पैसे साठवा आणि झाइसची प्लॅनार लेन्स घ्या. माझ्याकडे हॅसलब्लॅड ५००सी/एम कॅमेरा आहे, त्यावर तीच, ८० मिमी एफ २.८. पूर्ण उघडी ठेवली तरी कडेचे चेहरे टिकतात. एकदा वापरली की मागे वळून बघणार नाही.

जुना_डार्करूमवाला

बेटा, आजीचे डोळे मऊ अन् मागची कडी लख्ख, हे तूच लिहून राहिलीस. मग लेन्स खराब कशी? तिनं कडी बरोबर पकडली नं. तिला पकडायला भलतीच जागा सांगितली गेली, एवढंच.

आधी जर्मन-जपानीचं पाहू. तुझ्या १२४जीवर याशिनॉन आहे, ८० मिमी एफ ३.५, चार काचा तीन गटांत. व्हीबीवर श्नायडरची झेनार, ७५ मिमी एफ ३.५, त्याही चार काचा तीन गटांत. दोघी टेसार घराण्यातल्या. पॉल रुडॉल्फनं झाइसमध्ये १९०२ साली ती रचना केली, अन् पुढं जगभरच्या कंपन्यांनी तीच चाल उचलली. म्हणजे घरची पोरगी देऊन, वर १५ हजार मोजून, तू तिचीच चुलत बहीण आणून राहिलीस.

खरा फरक तीन काचांत अन् चार काचांत असतो. यशिका ए वर याशिकोर यायची, तीन काचांची. सीताबर्डीच्या एका स्टुडिओत मी २२ वर्षं होतो, सुरुवातीला माझ्या हातात तोच कॅमेरा दिला होता. लेन्स उघडी ठेवली की मधला नवरदेव ठीक, कडेची करवली पाघळलेली. एफ ८ करून फ्लॅश मारला की मालकालाही ओळखू यायचं नाही कोणता फोटो कोणत्या कॅमेऱ्याचा. अन् मालक म्हणजे निगेटिव्हमध्ये पापणीचा केस मोजणारा माणूस.

प्लॅनारवाल्या भाऊंचं खोटं नाही. उघड्या लेन्सवर, कडेला, ती पुढंच आहे. पण तुझी निगेटिव्ह ५६ मिमीची. तिची १२ इंची चौकोनी प्रिंट काढली तर ती साडेपाच पटच मोठी होते. छोट्या ३५ मिमी फिल्मची २४ मिमीची बाजू तेवढी करायला जवळजवळ १३ पट ताणावी लागते. मोठ्या फिल्मवर लेन्सची बरीचशी पापं तिथंच धुतली जातात. अन् तू घरच्या सपाट स्कॅनरवर स्कॅन करत असशील तर एफ ११ ची याशिनॉन अन् प्लॅनार वेगळी करून दाखव, मी तरी पोहे खाऊ घालतो.

आता राखेसारखा काळा. तो कॅमेरा माळ्यावर होता म्हणतेस. नागपूरचा माळा म्हणजे मे महिन्यात भट्टी. ग्रीस पातळ होते, तिचं तेल शटरच्या पात्यांवर अन् काचांच्या आतल्या अंगाला जाऊन बसते. खाली कूलर चालू असला तर मग विचारूच नको बाप्पा. बाहेर ४५ डिग्री कोरडं ठक्क अन् घरात वाळ्याच्या वासाचा पावसाळा. मुंबईवाल्यांच्या लेन्सला जुलैत बुरशी लागते, आपल्याकडे एप्रिलपासूनच सुरू. मोबाइलचा टॉर्च घे, मागचं झाकण उघड, शटर बी वर (बटण दाबून आहे तोवर उघडं राहते ते) धरून काचेवर तिरपा उजेड टाक. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर बुरशी. सगळीकडे सारखा धूर दिसला तर तेलाची वाफ. धूर पुसून निघतो. बुरशीनं कोटिंग खाल्लं असेल तर तो डाग राहते. फुटाळ्याचं दूधही त्यातलंच.

आजीच्या फोटोचं असं. दोन मीटरवर एफ ३.५ ला जे स्पष्ट येते त्याची खोली सगळी मिळून वीतभर. वरच्या लेन्सनं पाहतेस, खालच्या लेन्सनं फोटो निघते. त्या दोघींचं एकमत नसलं की वर डोळे, खाली कडी. तपासायचं असं: साध्या काचेचा एक तुकडा कापून घे, फिल्म जिच्यावरून सरकते त्या आतल्या दोन पट्ट्यांवर बसेल एवढा. त्याच्या एका बाजूला मॅट चिकटपट्टी लाव, ती बाजू लेन्सकडे ठेव. कॅमेरा ट्रायपॉडवर, शटर बी वर, बटणाला लावायची केबल अडकवून उघडं. दोन मीटरवर मसाल्याचे पाच डबे ठेव, प्रत्येक आधीच्याच्या वीतभर मागे, अन् थोडे बाजूला सरकवून, म्हणजे पाचही दिसतील. वर पाहून मधल्या डब्याचं लेबल जुळव. मग मागून त्या काचेवर घड्याळजीचं भिंग लावून पाहा, कोणतं लेबल वाचता येते.

रोलाईकॉर्डचीही हीच तपासणी कर, मग पैशाचं बोल.

सेमिनरी_हिल्स

काकांनी सगळं सांगितलंच आहे. माझं एवढंच की लेन्सला हूड लावा, बाजूचा उजेड अडवणारी कड. यशिका आणि रोलाईकॉर्ड, दोन्ही कॅमेऱ्यांना बे-वन नावाच्या मापाचाच बसतो, म्हणजे उद्या बदललात तरी तो वाया जाणार नाही. आपल्याकडचं ऊन समोरून नसलं तरी डांबरावरून उसळून लेन्समध्ये शिरतं.

बाकी आमच्या घरी आगफा क्लिक थ्री होता. त्यावर १२० च्या रोलचे १२ चौकोनी फोटो निघायचे आणि लेन्स अगदीच साधी. त्यावर काढलेला आईचा तेलंगखेडीचा फोटो कडेला पार विरघळलाय. माझ्या महागड्या लेन्सचा एकही फोटो घरात भिंतीवर नाही, तो मात्र आहे.

महालची_मुलगी

काका, डबे मांडले. हळद, तिखट, धने, गरम मसाला, जिरं. वरून धन्याचं लेबल जुळवलं. मागून पाहिलं तर धने पुसट, गरम मसाला स्पष्ट! चार वेळा करून पाहिलं.

जुना_डार्करूमवाला

वीतभर मागे. आरसा पुसणाऱ्यानं वरची स्क्रीन, जिच्यावर तू चित्र पाहतेस ती, काढली असेल अन् परत बसवताना उलटी टाकली असेल. चार स्क्रू आहेत, स्क्रीनवरचं घडीचं झाकण निघते. पाहून घे. जोर लावू नको, अन् स्क्रीनला बोट लावू नको.

महालची_मुलगी

उलटीच होती. पालटून बसवली, आता वरही धने, खालीही धने.

टॉर्चही मारला. धागे नाहीत, धूर आहे, बहुतेक शटरच्या मागच्या काचेवर. तो काढायला कॅमेरा मुंबईला पाठवणार आहे. तोवर कूलरच्या खोलीतून हलवून आजीच्या लोणच्याच्या रिकाम्या हवाबंद बरणीत सिलिका जेलसकट ठेवलाय. बरणी तीनदा धुतली, तरी हिंगाचा वास येतोय.

रोलाईकॉर्डवाल्याला डब्यांची तपासणी करू का विचारलं, तर म्हणाला, "घ्यायचा तर घ्या, खेळ नको." मी नाही म्हणाले.

आजी पुन्हा बसायला तयार नाही. म्हणते, सहा वेळा बसले तेव्हा तू कडीचे फोटो काढलेस, आता कडीलाच बसव.