वाघाच्या खुल्या आवारासाठी खंदक, काच की जाळी?

आराखडावाला (प्रश्न):
वास्तुकलेच्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी मी एका मध्यम आकाराच्या प्राणिसंग्रहालयातील वाघ, बिबट्या, अस्वल आणि हत्ती यांच्या आवारांचा आराखडा करीत आहे. जागा पश्चिम महाराष्ट्रातील, उताराची आणि भरपूर पावसाची आहे. प्रेक्षक आणि प्राणी यांच्यामध्ये काहीच नाही असे वाटावे, म्हणून चारही आवारांना पुढच्या बाजूने खंदक द्यावा, असा माझा विचार आहे. कार्ल हागेनबेक यांनी १९०७ मध्ये हाम्बुर्गजवळच्या स्टेलिंगेन येथे गजांऐवजी खंदक वापरून जे प्राणिसंग्रहालय उभे केले, त्याचेच तत्त्व आजही योग्य मानावे का? माझ्या मार्गदर्शकांचा कल काचेकडे आहे. खंदकाची खोली कशावरून ठरवावी, हेही कृपया सांगावे.

तटबंदी:
चार प्राण्यांना एकच अडथळा, ही कल्पना आधी सोडून द्यावी. वाघ उंच उडी मारतो आणि उत्तम पोहतो. बिबट्या झाड, जाळी, खडबडीत दगड, जे हाती लागेल त्यावरून वर जातो, त्यामुळे त्याच्या आवाराला वरून जाळीचे छत हवेच. अस्वल चढते आणि उकरतेही, म्हणून त्याच्या कुंपणाचा पाया जमिनीत खोल न्यावा लागतो. हत्तीला उडी मारता येत नाही, पण खंदकात पडून तोच जखमी होण्याची भीती असते. आणि आपल्या शेतांवर असते तसे झटका मशीन लावले, तरी सुळ्यांना झटका बसत नाही हे उमगलेले हत्ती सुळ्यांनीच तारा तोडतात. तसेही केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने २००९ मध्येच प्राणिसंग्रहालयांतील हत्ती अन्यत्र हलवण्याचे निर्देश दिलेले असल्याने नव्या आराखड्यात हत्ती न दाखवणेच बरे.

खंदकाच्या मापाविषयी सॅन फ्रान्सिस्कोचे प्रकरण मुळातून समजून घ्यावे. २५ डिसेंबर २००७ रोजी तेथील सायबेरियन वाघीण कोरड्या खंदकाची भिंत ओलांडून बाहेर आली. एका तरुणाचा मृत्यू झाला आणि दोघे जखमी झाले. भिंत १८ फुटांची असल्याचे संस्थेने प्रथम सांगितले, परंतु प्रत्यक्ष मोजल्यावर ती साडेबारा फुटांच्या आतच भरली. अमेरिकेतील प्राणिसंग्रहालयांच्या संघटनेची शिफारस ५ मीटरची, म्हणजे १६.४ फुटांची होती. आवार १९४० च्या सुमाराचे होते, आणि इतकी वर्षे वाघ आत राहिले हाच त्या भिंतीच्या उंचीचा पुरावा मानला गेला असावा.

उंची नकाशावरील तळापासून नव्हे, तर प्राण्याचे पाय जेथे टेकतील तेथून मोजायची असते. तुमच्या उतारावरून पावसाळ्यात गाळ येणारच. तो उपसला नाही, तर दरवर्षी भिंत ठेंगणी होत जाईल. तळाशी पाणी ठेवल्यास वाघाला झेप घेण्यासाठी घट्ट जमीन मिळत नाही, हा लाभ खरा. मात्र त्याची पातळी बांधून ठेवणारा सांडवा नसेल, तर पोहणारा वाघ भिंतीच्या माथ्याच्या जवळ येतो. आवारातील झाडांचेही तसेच आहे. बेलफास्टमध्ये २०१९ साली वादळांनी कमकुवत झालेल्या झाडाची मोडलेली फांदी चिंपांझींनी शिडीसारखी भिंतीला लावली होती.

सांडवा:
वरील उत्तरात माणूस राहून गेला आहे. दिल्लीच्या प्राणिसंग्रहालयात २३ सप्टेंबर २०१४ रोजी एक तरुण पांढऱ्या वाघाच्या खंदकात पोहोचला आणि मारला गेला. वाघ बाहेर येऊ नये, हे खंदकाचे काम त्या दिवशीही चोख झाले होते. माणूस आत जाऊ नये यासाठीचा कठडा मात्र ठेंगणा होता. सिनसिनाटी येथे मे २०१६ मध्ये तीन वर्षांचा मुलगा कठड्यातून घुसून गोरिलाच्या खंदकात पडला आणि गोरिलाला गोळी घालावी लागली. त्यानंतर तेथील कठडा ४२ इंचांचा करून मोकळ्या जागी जाळी बसवली गेली. जेथे मुलांची गर्दी होते, तेथे काच याच कारणासाठी बरी. ती अनेक थरांची हवी, म्हणजे एक थर तडकला तरी बाकीचे टिकतात. वर सावलीचे छप्पर द्यावे, नाहीतर दुपारी प्रेक्षकांना स्वतःचेच प्रतिबिंब दिसत राहते.

खटका:
मी या क्षेत्रात मागच्या बाजूला काम केले आहे, त्यामुळे माझे मत थोडे एकांगी वाटेल. तुम्ही खंदक, काच, जाळी यांची चर्चा करीत आहात, म्हणजे आवाराच्या पुढच्या बाजूची. मोठ्या प्राण्याशी रोज संबंध येतो तो मागच्या बाजूला, रात्रनिवाऱ्याच्या दारांशी. साफसफाई, खाणे, औषधोपचार, सगळे तेथेच चालते. सॅन फ्रान्सिस्कोच्या ज्या वाघिणीचा उल्लेख वर आला, तिनेच आदल्या वर्षी, डिसेंबर २००६ मध्ये, खाणे देण्याच्या वेळी गजांमधून प्राणिरक्षक महिलेचा हात जखमी केला होता, आणि पिंजऱ्याच्या रचनेबद्दल राज्याच्या यंत्रणेने संस्थेलाच दोषी धरले होते. इंग्लंडमधील हॅमर्टन येथे २०१७ मध्ये प्राणिरक्षक महिला काम करीत असलेल्या भागात वाघ आला आणि तिचा मृत्यू झाला. तेथे अडथळा भिंत नव्हती, दार होते.

म्हणून आराखडा मागून सुरू करावा. किमान दोन रात्रनिवारे आणि त्यांच्यामध्ये सरकते दार असावे, म्हणजे एका खोलीत प्राणी बंद करून दुसरी धुता येते. प्राणिरक्षकाच्या मार्गावर दुहेरी दार असावे आणि पहिले बंद झाल्याशिवाय दुसरे उघडूच नये, अशी यांत्रिक जोडणी असावी. "कुलूप लावण्यास विसरू नये" ही पाटी म्हणजे जोडणी नव्हे. खंदकात माणूस पडला तर प्राण्याला झटकन आत बोलावण्यासाठीही हीच दारे लागतात, आणि रोज त्याच हाकेवर आत येऊन खाण्याची सवय असलेला वाघ अशा वेळी येण्याची शक्यता तरी असते.

आराखडावाला:
हत्ती वगळत आहे. वाघासाठी उताराच्या बाजूने पाण्याचा खंदक आणि गर्दीच्या ठिकाणी काच, असे करावे म्हणतो. मात्र परीक्षक समोरचे दृश्यच पाहतात, मागच्या दारांना गुण नसतात. शिवाय सरकत्या दाराचे हँडल नेमके कोठे असावे?

खटका:
गुणांचे तुम्ही पाहा. हँडल दोन्ही खोल्यांच्या बाहेर, प्राण्याचा पंजा पोहोचणार नाही अशा अंतरावर असावे, आणि ते ओढणाऱ्याला त्याच जागेवरून दोन्ही खोल्यांचा प्रत्येक कोपरा आणि दाराचा उंबरठा दिसला पाहिजे. दिसत नसेल तर हँडल नव्हे, खोलीचा आकार बदला.