मदत हवी आहे : रात्रीचं ओलित अन् अडीच वर्षांचं लेकरू

गाव आर्वी तालुक्यात, जिल्हा वर्धा. गहू-हरभऱ्याचं ओलित सुरू आहे. आमच्या फीडरवर (शेतीला वीज देणारी लाइन) आठवड्यातले चार दिवस वीज रात्रीचीच, म्हणून रात्री वावरात जावं लागतं. पोरगा अडीच वर्षांचा, झोपतो फक्त माझ्याजवळ. गाडीचा आवाज आला की फाटकापर्यंत पळत येतो, तेव्हा दिवसभराचा शीण जातो. पण रात्री तीच ओढ जड जाते. आता तर माझी वावरात न्यायची बॅटरीच गोधडीखाली लपवून ठेवतो.

झोपवून गुपचूप निघून पाहिलं. मधातच उठतो अन् आईजवळ, आजीजवळ, कोणाचकडे राहत नाही. सांगून गेलो तर दारातच आकांत. वावरातून व्हिडिओ कॉल केला, तर आणखीच बिथरला.

वीज आली की पंप आपोआप सुरू करणारा ऑटो स्टार्टर आहे, पण स्प्रिंकलरचे पाइप हातानंच बदलावे लागतात. रात्री मजूर मिळत नाही. सोलर पंपाचा अर्ज भरलाय, नंबर यायचा आहे. थंडी, साप, रानडुकरं. त्याला सोबत नेणं शक्यच नाही.

ज्यांच्या घरी हे होऊन गेलं त्यांनी सांगा : सांगून जावं की झोपल्यावर? अन् मी घरी असतो त्या रात्री त्याला माझ्याजवळ घ्यावं, की रोजच आईजवळ झोपायची सवय लावावी?