मदत हवी आहे: आईची शुगर, चालणं आणि गुडघे

नमस्कार मंडळी. आईला टाइप २ मधुमेह आहे, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी तपासणी) ८.१. डॉक्टरांनी वजन उतरवायला आणि आठवड्याला १५० मिनिटं भराभर चालायला सांगितलंय. जेवणानंतर सोसायटीत फेऱ्या मारल्या की ग्लुकोमीटरवर फरक दिसतो, त्यामुळे तिला हुरूप आलाय. पण ती ग्लिमेपिराइड घेते, म्हणजे शुगर उतरवणारी गोळी, जिने कधी शुगर फारच खाली जाऊ शकते. परवा उपाशीपोटी चालून आली तर हात थरथरत होते, दरदरून घाम, शुगर ६४! लगेच ग्लुकोज पाजलं. गोळीचं डॉक्टरांनाच विचारणार आहोत.

तुम्हाला विचारायचंय ते वेगळं. तिचे गुडघेही दुखतात. खुर्चीत बसून करायचे व्यायाम कोणी नियमित करतं का? फिटनेस बँड ते पावलांत धरत नाही, मग नोंद कशी ठेवता? आणि संध्याकाळच्या भुकेला चिवड्याऐवजी काय देता?