आईचा अमेरिकी नागरिकत्वाचा अर्ज: गावी झालेले सात महिने, मराठीतली मुलाखत आणि सातबारा

केळीबाग_रावेर
नमस्कार मंडळी. आईचं वय ६७, ग्रीन कार्ड २००९ चं. थोरल्या भावाकडे न्यू जर्सीत राहते, पण दर हिवाळ्यात पाचेक महिने इकडे रावेरला असते. गेल्या खेपेला दिवाळीच्या आधी आली, आखाजी (अक्षय्य तृतीया) केली, मग भाचीच्या लग्नाला थांबली; सगळे मिळून सात महिने झाले. भाऊ आता एन-४०० (नागरिकत्वाचा अर्ज) भरायचं म्हणतो. इंग्रजी तिला येत नाही. मुलाखत मराठीत होते का? त्या सात महिन्यांनी काही बिघडतं का? अर्ज भरल्यापासून शपथेपर्यंत किती वेळ धरायचा? आणि तिच्या नावावर थोडी शेती आहे, तिचं पुढे काय?

तापीकाठ
आधी सात महिन्यांचं बघा, बाकीचं नंतर.

एका खेपेला सहा महिन्यांपेक्षा जास्त आणि वर्षापेक्षा कमी बाहेर राहिलं, की नागरिकत्वासाठी लागणारं अमेरिकेतलं सलग वास्तव्य तुटलं असं गृहीत धरतात. ते खोडून काढायची जबाबदारी अर्जदाराची. आईंच्या बाबतीत दाखवता येण्यासारखं: मुलगा-सून तिकडेच होते, घरातली खोली तशीच होती, आरोग्य विमा चालू होता, त्या वर्षीचं टॅक्स रिटर्न रहिवासी म्हणून भरलं आहे. ही कागदपत्रं मुलाखतीच्या दिवशी हातात हवीत. नुसतं ‘लग्न होतं’ म्हटल्याने भागत नाही.

दुसरा हिशेब प्रत्यक्ष दिवसांचा. अर्जाच्या आधीच्या पाच वर्षांत किमान ३० महिने अमेरिकेत काढलेले हवेत. चार वर्षं पाच-पाच महिने आणि एक वर्ष सात, म्हणजे २७ महिने बाहेर, ३३ आत. बसतंय, पण काठावर. जाण्याचा आणि परतण्याचा दिवस अमेरिकेतला धरतात. अंदाजाने तारखा लिहू नका. आपल्याकडच्या विमानतळावरचे येण्या-जाण्याचे शिक्के जुन्या-नव्या सगळ्या पासपोर्टांत बघून घ्या. अर्जात पाच वर्षांतला २४ तासांहून मोठा प्रत्येक प्रवास लिहायचा असतो.

पुरावा कच्चा वाटला तर थांबणं शहाणपणाचं. त्या खेपेवरून परतल्याला साडेचार वर्षं झाली, की मागच्या पाच वर्षांत येणारा त्या प्रवासाचा तुकडा सहा महिन्यांच्या आत बसतो आणि ही अडचणच उरत नाही. अट एकच: मधल्या काळात पुन्हा अशी लांब खेप नको.

धुळेकर_दादा
त्यासाठीच तर री-एन्ट्री परमिट (लांब बाहेर राहून परत येण्याचा परवाना) असतं. ते काढलं असतं तर सात महिने मोजलेच नसते.

तापीकाठ
नाही दादा. परमिटने ग्रीन कार्ड सांभाळलं जातं, नागरिकत्वासाठीचं सलग वास्तव्य नाही. ही गल्लत फार होते. परमिट घेऊन वर्षाहून जास्त गावी राहिलेल्या माणसाचंही घड्याळ नव्याने सुरू होतं. उलट, अर्ज टाकला की अधिकारी विचारू शकतो, खरं घर रावेरला की न्यू जर्सीला? म्हणून वर्षानुवर्षं निम्मा काळ इकडे काढणाऱ्यांनी अर्जाआधी तिकडच्या वकिलाला एकदा फाइल दाखवावी.

जळगावची_ताई
भाषेचं सांगते. वय ५५ च्या वर आणि ग्रीन कार्डला १५ वर्षं झालेली, म्हणजे इंग्रजी वाचणं-लिहिणं-बोलणं माफ. तुमच्या आई यात बसतात. मुलाखत दुभाष्यामार्फत मराठीत होते. वय आणि वर्षं अर्ज भरल्याच्या दिवशी मोजतात.

पण नागरिकशास्त्राची तोंडी परीक्षा माफ नाही, फक्त ती मराठीत द्यायची. २० ऑक्टोबर २०२५ पासून भरलेल्या अर्जांना १२८ प्रश्नांची यादी आहे. त्यातले २० पर्यंत विचारतात, १२ बरोबर आले की पास आणि तिथेच थांबतात. नऊ चुकले की नापास. जे राहिलं ते ६० ते ९० दिवसांत पुन्हा एकदा देता येतं, दुसऱ्यांदा अडलं तर अर्ज नामंजूर. वय ६५ आणि कार्डला २० वर्षं झाली असती, तर खुणा केलेल्या २० प्रश्नांतून १० विचारून ६ वर भागलं असतं. पण तुमच्या आईंचं कार्ड २००९ चं, म्हणजे ती सोय २०२९ मध्ये. तेवढं थांबायचं की आता अभ्यास करायचा, हे आईंनाच ठरवू द्या.

दुभाषी आपण न्यायचा. घरचा माणूस सरसकट चालत नाही असं नाही, पण तो पढवतोय असं वाटलं तर अधिकारी त्याला बाजूला करतो आणि तारीख पुढे जाते. शक्यतो घराबाहेरचा, पण आपल्या रावेर-यावलकडची बोली कळणारा बघा. आईंनी लेवाबोलीत उत्तर दिलं आणि पुण्याकडच्या दुभाष्याला ते उमगलंच नाही, तर बरोबर उत्तरही वाया जातं. पाठ करताना माणसांची आणि गावांची नावं इंग्रजी उच्चारानेच घोटून घ्या: राज्याची राजधानी ट्रेंटन, राज्याचे सिनेटर, गव्हर्नर. पदावरची माणसं बदलतात, म्हणून मुलाखतीच्या आठवड्यात नावं परत तपासा.

विसरभोळेपणाचा आजार असेल तर परीक्षेतून सूट मागायला एन-६४८ फॉर्म असतो, पण तो अमेरिकेत परवाना असलेल्या डॉक्टरनेच भरायचा. जळगावच्या डॉक्टरांचं पत्र सोबत जोडता येईल, त्याच्या जागी नाही. नुसतं वय किंवा शाळा न शिकणं हे कारण धरत नाहीत.

केळीबाग_रावेर
ताई, खूप स्पष्ट झालं. पासपोर्टवर आडनाव ‘चौधरी’ एका स्पेलिंगने, ग्रीन कार्डवर दुसऱ्याच. आणि वेळेचं राहिलं.

तापीकाठ
वेळ ऑफिसनुसार बदलतो. काही महिन्यांपासून वर्षापर्यंत धरून चाला. सरकारी साइटवर जो आकडा दिसतो, तेवढ्या काळात ८० टक्के प्रकरणं निकाली निघालेली असतात. तो उलटून जाईपर्यंत चौकशीला दाद मिळत नाही. मुलाखतीनंतर १२० दिवसांत निर्णय आला नाही, तर फेडरल कोर्टात जाता येतं.

घरच्यांमुळेच उशीर कसा होतो ते बघा. नाव बदलून घ्यायची खूण अर्जात केली, की शपथ न्यायाधीशासमोरच होते आणि त्या तारखा कमी असतात. स्पेलिंगच्या फरकासाठी लग्नाचा दाखला आणि जुना पासपोर्ट दाखवून भागत असेल तर त्या वाटेला जाऊ नका. घर बदललं तर दहा दिवसांत पत्ता कळवावा लागतो, नाहीतर नोटीस जुन्या दारावर पडते. आणि मुलाखतीला न जाता गप्प बसलं तर फाइल बंद होते. वर्षाच्या आत विनंती केली तरच पुन्हा उघडते.

अर्ज टाकून आई गावी येऊ शकते. मात्र लांब खेप नको, कारण सलग वास्तव्य शपथेपर्यंत टिकवायचं असतं. या वर्षी कानबाईच्या सणाला यायचं असेल तर तीन-चार आठवड्यांत परत.

फी ऑनलाइन ७१० डॉलर, कागदावर ७६०. उत्पन्न कमी असेल तर ३८०. नामंजूर झालं तरी परत मिळत नाही.

खतावणी
करांबद्दल कुणी बोललं नाही. ग्रीन कार्डधारकाला जगभरचं उत्पन्न अमेरिकेत दाखवावं लागतं. केळीचं उत्पन्न आपल्याकडे करमुक्त, तिकडे नाही. पतपेढीतल्या ठेवी, जिल्हा बँकेचं खातं, सगळं मिळून वर्षात कधीही १०,००० डॉलरवर गेलं तर एफबार (परदेशी खात्यांची माहिती देणारा अमेरिकी फॉर्म) वेगळा भरायचा. आईच्या नावाने ‘अनिवासी’ म्हणून रिटर्न भरलं गेलं असेल तर आधी सीपीएकडून (तिकडच्या सीएकडून) ते निस्तरा. टॅक्सचे प्रश्न अर्जातच आहेत आणि ते अधिकारी शपथेवर विचारतो. पाच वर्षांचे टॅक्स ट्रान्स्क्रिप्ट (भरलेल्या रिटर्नच्या नोंदी) आयआरएसकडून, म्हणजे तिकडच्या कर खात्याकडून, फुकट मिळतात.

जळगावची_ताई
शेतीचं: शपथ झाली की नागरिकत्व कायदा १९५५ च्या कलम ९ प्रमाणे भारताचं नागरिकत्व आपोआप जातं. आधीपासून नावावर असलेली जमीन राहते, सातबाऱ्यावरून नाव उडत नाही. पण त्यानंतर शेतजमीन विकत घेता येत नाही, बक्षीसपत्रानेही घेता येत नाही, वारसाहक्काने येते. विकायची तर इथे राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच. घरात वाटणीपत्र किंवा हक्कसोड अर्धवट असेल तर शपथेच्या आधी दुय्यम निबंधकांकडे नोंदवून मोकळे व्हा.

शपथेच्या दिवशी ग्रीन कार्ड जमा होतं. पुढचा क्रम: अमेरिकी पासपोर्ट, भारतीय पासपोर्ट सरेंडर, मग ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं कार्ड). जुन्या भारतीय पासपोर्टवर प्रवास करायचा नाही, त्याला दंड आहे. ओसीआय हातात यायला आठवडे जातात, म्हणून शपथेच्या पुढच्या महिन्याचं मुंबईचं तिकीट काढून ठेवू नका. मतदार यादीतून नाव काढायला नमुना ७ तहसीलमध्ये द्या.

केळीबाग_रावेर
भावाला सगळं पाठवलं. वाटणीपत्र अजून नोंदलेलं नाही, ते आधी करतो. शिक्क्यांच्या तारखा काढल्या की इथेच टाकतो.